बाबांच्या आठ टिकल्या

१० फेब्रुवारी, सोमवार

व्हायरस लाल पेशीला चिकटतो तरी कशाला? मला याचं उत्तर येत नाही. आज आमच्या लॅबप्रमुख वैदेही मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मी उभी राहून "येत नाही" म्हणाले.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. व्हायरसला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात आणि त्यासाठी लागणारी सामग्री पेशीच्या आत असते. पण माणसाच्या लाल पेशीत केंद्रकच नसतं. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात शिरावं आणि आत मशीनच नसावं. तरीही फ्लूचा व्हायरस लाल पेशी दिसली की तिला जाऊन चिकटतो. माझ्यासोबत काम करणारा उन्मेष म्हणाला, "आमच्या गल्लीत बंद दुकानाच्या पायरीवर पण लोक बसतातच की." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अक्षदा, येत नाही म्हणालीस ते बरं केलंस. आता शोध."

मी शोधणार आहे. परळच्या या प्रयोगशाळेत लागल्यापासून मी ठरवलंय की इथे नुसती नोकरी करायची नाही.

आमची चाचणी इथे एकदा नीट लिहून ठेवते, कारण सगळे ती उलटी समजतात. आप्पेपात्रासारखा खळगे असलेला प्लॅस्टिकचा ट्रे असतो. ओळीतल्या आठ खळग्यांत मारलेला व्हायरस घालायचा, पुढच्या प्रत्येकात आधीपेक्षा निम्मा, वर लाल पेशी सोडायच्या आणि वाट बघायची. व्हायरस पेशींना चिकटला तर तो त्यांना एकमेकींशी जोडतो आणि खळग्यात फिकट गुलाबी चादर पसरते. चिकटला नाही तर पेशी घरंगळत तळाशी जातात आणि तिथे लालभडक ठिपका बसतो. सगळे त्याला बटन म्हणतात, मी टिकली म्हणते. म्हणजे टिकली दिसली तर व्हायरस हरला.

पेशी आधी धुवाव्या लागतात. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवायची, वरचं पिवळट पाणी काढून टाकायचं, खारं पाणी घालून हलवायचं, परत फिरवायचं. असं तीन वेळा. हा मॅडमचा नियम आहे.

रात्री जेवताना आईने विचारलं, "नक्की करतेस काय गो तिकडे दिवसभर?"

"रक्त धुते."

आई हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कामाला आहे. ती म्हणाली, "मी टोप धुते. तुझ्या पदवीचा फोटो उगाच एवढा मोठा केला."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उन्मेषला फ्लू झाला. फ्लूवर काम करणाऱ्या माणसाला फ्लू व्हावा यावर हसू नये, पण मॅडमसुद्धा हसल्या. अडचण अशी की चाचणीला ओ गटाचं रक्त लागतं आणि ते नेहमी तोच देतो. मॅडम दहा दिवस दिल्लीला चालल्यात. म्हणाल्या, "कोणीतरी ओ गटाचा बघून ठेव. संमतीची सही घे. सोमवारचं काम अडायला नको."

बाबा ओ आहेत. मी विचारल्यावर त्यांनी पोळी खाली ठेवली. "सायन्ससाठी? माझं?"

"हो बाबा."

"मला शुगर आहे, चालेल?"

चालेल म्हटलं. बाबा टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. आजोबा ज्या गिरणीत मागावर उभे राहायचे तिथेच आता तो टॉवर आहे. बाबांचा मधुमेह जुना आहे आणि त्यांची शिस्त त्याहून कडक. रोज सकाळी कारल्याचा रस. घरात साखरेचा डबाच नाही. पाहुण्यांनाही बिनसाखरेचा चहा. "माझ्या घरी विष मिळणार नाही," असं ते म्हणतात. त्यामुळे अख्खी चाळ त्यांना 'चिकट आनंदा' म्हणते. समोरच्या खोलीतले रमाकांतकाका आमच्याकडे येतात तेव्हा खिशात साखरेची पुडी घेऊन येतात आणि ती सगळ्यांदेखत चहात रिकामी करतात. बाबा दुसरीकडे बघतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस मी कधीच विसरणार नाही.

बाबा लग्नाला घालतात तो शर्ट घालून आले. नर्सला म्हणाले, "घ्या ताई, पाहिजे तेवढं. मागे बघू नका." तिने छोटी नळीभर घेतलं. बाबांना वाटलं होतं बाटली भरतील. थोडे हिरमुसले.

मग ती नळी माझ्या हातात आली. अजून गरम होती. इतरांचं रक्त मी झटपट उरकते, पण हे बाबांचं होतं. मी ते कोणाच्याही रक्तापेक्षा जास्त काळजीने हाताळलं. यंत्रात एकदा फिरवलं. खारं पाणी घालून हळूच कलंडवलं, एकही पेशी दुखावू नये म्हणून. वरचं पाणी ओततानाही पेशी वाहून जातील या भीतीने बरंचसं राहू दिलं. परत परत गरगरवायचं जिवावर आलं. या माणसाने आयुष्य उभ्याने काढलंय, आता त्याच्या रक्ताला तरी किती फिरवायचं! खरोखर, इतक्या मनापासून मी आजवर कुठलंच काम केलं नव्हतं.

आणि दुपारी ट्रे बघितला तर आठच्या आठ खळग्यांत टिकल्या! लाल, गोल, आईच्या कपाळावर असते तशा. शेजारच्या ओळीत उन्मेषच्या गेल्या आठवड्यातल्या थोड्या उरलेल्या पेशी होत्या, नेहमीसारख्या धुतलेल्या. तिथे व्यवस्थित गुलाबी चादर.

बाबांच्या रक्ताला व्हायरस चिकटत नाही. जगात अशी माणसं फार थोडी असतील. त्यातलं एक डिलाईल रोडला राहतं आणि माझ्यासाठी चपला दुरुस्त करून आणतं.

मॅडम येईपर्यंत कोणालाही सांगायचं नाही असं ठरवलंय. शास्त्रज्ञाने संयम बाळगला पाहिजे.

घरी फक्त आईला सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दात घासायला गॅलरीत गेले तर खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अक्षदा, आनंदाच्या रक्ताक म्हणे काय चिकटत नाय?" समोरून रमाकांतकाका म्हणाले, "एवढा चिकट माणूस, आणि त्याच्या रक्ताला काही चिकटत नाही? मशीन तपासा आधी!"

बाबा बाहेर आले. मला वाटलं चिडतील. त्यांनी बनियन नीट केलं आणि शांतपणे म्हणाले, "पोरगी सायन्समध्ये आहे. तिला विचार."

मग मला समजावून सांगावंच लागलं. अज्ञान दूर करणं हे माझं कामच आहे. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधून ठेवलं होतं, तेच सांगितलं, की लाल पेशीच्या अंगावर एका प्रकारच्या साखरेचे बारीक तुरे असतात आणि व्हायरस त्या साखरेला चिकटतो. अगदी सोप्या शब्दांत सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मला बरं वाटलं.

मग बाबा म्हणाले, "साखरेला चिकटतो?"

"हो."

"आणि माझ्या रक्तात साखर राहूच देत नाही मी."

"बाबा, ती साखर वेगळी..."

"साखर ती साखर," बाबा म्हणाले. "रम्या, ऐकलंस? मी चिकट नव्हतो रे. मी तयारी करत होतो."

मी अजून तीनदा सांगितलं की ती साखर चहातली नाही आणि मधुमेहातलीही नाही. कोणी ऐकलं नाही. रमाकांतकाका खिसा चाचपत आत गेले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नाक्यावरच्या भाजीवाल्याकडे कारली उरली नाहीत. तो मला म्हणाला, "मॅडम, अजून काय बंद करायचं असेल ते आधी सांगत जा. मी माल जास्त उचलतो."

चाळीत फ्लू पसरलाय. दर दोन खोल्यांआड कोणीतरी खोकतंय. आणि बाबा सगळीकडे फिरतायत. ड्यूटीवरून आले की पेजेची बरणी घेऊन या खोलीतून त्या खोलीत. तोंडाला काही बांधत नाहीत. शेवंतीआजी एकट्या राहतात, त्यांना ताप आहे. बाबा त्यांच्या उशाशी बसून चमच्याने पेज भरवतात. आजी म्हणतात, "आनंदा, लांब बस रे, तुला होईल." बाबा म्हणतात, "आजी, माका नाय होणार. सायन्सने सांगलाहा."

मला अभिमान वाटायला हवा आणि वाटतोही. पण आज आई मोरीत हात धुताना हळूच म्हणाली, "दोन वर्षांमागे त्यांना न्यूमोनिया झालेला तेव्हा डॉक्टर काय बोलले होते, आठवतं ना गो? परत झाला तर अवघड जाईल." मला आठवतं. तेव्हा परीक्षा सोडून मी वॉर्डाबाहेर बसले होते.

त्यात टॉवरमधली कंपनी एक तारखेला स्टाफला फ्लूची लस देणार आहे. सोबत एक माणूसही आणता येतो. आईने कँटीनमधून घेतलीय, मी लॅबमधून. बाबांनी साहेबांना सांगितलं, "माझ्या वाटणीची गरजवंताला द्या."

पण ते खरंच वेगळे असतील तर लसीची गरज नाही हेही बरोबरच ना? आठ टिकल्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात. मॅडम सोमवारी भेटतील.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी फोटो पाहिला. खूप वेळ पाहिला.

"छान टिकल्या आहेत," त्या म्हणाल्या. "कितीदा धुतलंस?"

मी वहीतलं त्या दिवसाचं पान काढलं.

"एकदा," मी म्हणाले. "पण अगदी काळजीने."

"काळजीने म्हणजे?"

"हळूच. वडिलांचं होतं ना, म्हणून."

उन्मेष बरा होऊन परत आलाय. त्याने टेबलावर डोकं टेकलं. त्याचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं त्याला परत ताप आला.

मॅडमनी समजावलं. वरच्या पिवळट पाण्यात असे पदार्थ असतात जे व्हायरसला आधीच गुंडाळून टाकतात. मग तो पेशींपर्यंत पोचतच नाही आणि खळग्यात टिकली बसते. म्हणून तर धुवायचं. "तुझ्या वडिलांच्या पेशी चारचौघांसारख्याच असणार. प्रत्येक नवीन मुलगी एकदा तरी हे करते. मात्र वडिलांसाठी केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं."

मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गेल्या सोमवारची सगळी बॅच मला परत करायची आहे. ते ठीक. मी एकच विचारलं: "मॅडम, शरीरातलं ते पिवळं पाणी कोणी धुवून टाकत नाही. मग ते माणसाला वाचवत नाही का?"

"थोडं थोडं सगळ्यांनाच वाचवतं. म्हणून सगळ्यांना फ्लू व्हायचा थांबतो का? आणि तो शिरतो नाकातून, घशातून. तुझे वडील मधुमेही आहेत ना? त्यांना लस दे. आजच्या आज तोंडाला मास्क बांध."

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाबांची पेजेची बरणी आली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्रीच सांगितलं. सगळं सांगितलं, खारं पाणी, पिवळं पाणी, माझी चूक. बाबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "तुझ्या मॅडमचं स्वतःचं रक्त कोणतं?"

"मला काय माहीत?"

"चिकटत असणार. बघ तू."

"बाबा, माझी चूक झाली. तुमचं रक्त साधं आहे."

बाबा एकदम उठून उभे राहिले. "साधं? आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला खुर्ची दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा. शेवंतीआजी माझ्या हातून पेज खाते, पोराच्या हातून खाल्ली नव्हती. आणि तू म्हणतेस साधं."

"मास्क तरी लावा."

"मास्क लावून गेलो तर लोक म्हणतील आनंदा घाबरला."

आई म्हणाली, "लोक गेले खड्ड्यात." बाबा बरणी घेऊन निघून गेले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना पुराव्याने पटवायचं ठरवलं होतं. काल ते परत रक्त द्यायला आले (या वेळी साधा शर्ट). मी त्यांच्यासमोर तीनदा धुतलं, खसाखसा हलवलं. दया दाखवली नाही. मॅडमनी त्यांना काचेपलीकडे बसू दिलं. ट्रे तयार झाल्यावर दाखवला. सहा खळग्यांत गुलाबी चादर. टिकल्या फक्त शेवटच्या दोन खळग्यांत, जिथे व्हायरस नावापुरताच होता.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. मला फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "तीन-तीनदा धुतलंस?"

"हो."

"मग कारल्याचा गुण राहील कसा? धुवून टाकलास तू! पिवळ्या पाण्यातच होता तो. तूच म्हणालीस ना, जे काय अडवतं ते पिवळ्या पाण्यात असतं?"

उन्मेष म्हणाला, "काका, पॉइंट आहे." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला गेला.

बाबा गेल्यावर मी मॅडमना म्हणाले, ते ऐकतच नाहीत.

"ते बरोबर विचारतायत," मॅडम म्हणाल्या. "कारल्यामुळे नाही हे तू कशावरून म्हणतेस? कारलं न पिणाऱ्या माणसाचं, न धुतलेलं रक्त बघितलंस का? तुलना कुठे आहे?"

नव्हती. इतके दिवस मी तळमळून सगळ्यांना समजावत होते आणि ही एक गोष्ट मला सुचली नव्हती. आता कोणाचं रक्त घ्यायचं? ओ गट, कारलं अजिबात नाही, साखर भरपूर.

बसमध्ये बसल्यावर सुचलं. एवढ्या मोठ्याने "रमाकांतकाका!" म्हणाले की कंडक्टरने वळून बघितलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रमाकांतकाका आनंदाने तयार झाले. ओ आहेत हे त्यांच्या जुन्या रक्तदानाच्या कार्डावर होतं. सकाळी केसांना तेल लावून आले. जिलबी खाऊन आले होते. म्हणाले, "फरक दिसायला पाहिजे ना." सही केली आणि नर्सला विचारलं, "आनंदाचं घेतलं त्यापेक्षा जास्त घेणार ना?"

त्यांचं रक्त मी अगदी बाबांच्या पहिल्या वेळेसारखंच हाताळलं. एकदाच फिरवलं, हळूच कलंडवलं, पाणी राहू दिलं. चूक मुद्दाम तशीच्या तशी परत करणं फार कठीण असतं. शेजारच्या ओळीत माझंही रक्त लावलं, तसंच अर्धवट. मी कॉलेजपासून चहा बाहेर पिते, तीन चमचे साखर घालून. बाबांना माहीत नाही.

रमाकांतकाका: आठ टिकल्या. मी: सात आणि एक अर्धी.

बाबा ड्यूटीवरून येईपर्यंत मी जिन्यातच थांबले. फोटो दाखवला. "कोणाचं हे?" त्यांनी विचारलं.

"रमाकांतकाकांचं. न धुतलेलं."

बाबा पायरीवर बसले. "रम्याचं?"

"हो."

"जिलबीवाल्या रम्याचं? आठ?"

"हो बाबा. कोणाचंही असंच येतं, कमी-जास्त. माझंपण."

खालून शेवंतीआजींचा खोकला ऐकू येत होता. आता पहिल्यापेक्षा सुटलाय. मग बाबांनी खालच्या आवाजात विचारलं, "त्याला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस."

"बाबा, त्यांचं रक्त आहे. निकाल त्यांना कळायलाच हवा."

"कळला तर काय होईल माहीत आहे? उद्यापासून तो सांगत फिरेल, साखर खाल्ली तर व्हायरस लागत नाही. शुगरवाले पेढे खातील." मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "आणि माझी खुर्ची त्याला देतील."

मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्या एका चुकीमुळे या माणसाला खुर्ची मिळाली होती आणि आता मीच ती काढून घेत होते. मी म्हणाले, "पेज तुम्ही भरवली ती रक्त साधं असताना भरवली ना? मग?"

"मग काय?"

"मग जास्तच झालं की ते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "म्हणजे मला खरंच झाला असता," ते म्हणाले. त्यांना हे आत्ताच उमगल्यासारखं दिसलं आणि ते चांगलेच घाबरले. जिन्यात बसूनच त्यांनी रुमाल नाकाला बांधला. "रम्याला सांगायचं नाही, एवढं कबूल कर. साहेबांना सांगून मी उद्या लस घेतो."

मी कबूल केलं नाही. मी खोटं बोलत नाही आणि निकालही दडवत नाही. पण हो किंवा नाही काहीच न बोलता वर आले. आता विचार करतेय. निकाल आज रात्री सांगितला तर बाबांचं म्हणणं खरं ठरेल, पुढच्या आठवड्यात चाळ पेढे खाईल. सांगितलाच नाही तर मी इथे कशाला आले?

१ मार्च, शनिवार

सकाळीच रमाकांतकाकांनी दार वाजवलं. "काय गो, माझ्या टिकल्या?"

"काका, निकाल टॉवरच्या शिबिरात सांगते. बाबांना बरोबर एक माणूस न्यायचाय. चला तुम्ही."

"आनंदा मला नेणार?"

बाबा आतून म्हणाले, "ये मेल्या, ये."

टॉवरच्या तळमजल्याला, गाड्या लावायच्या जागेत टेबलं मांडली होती. बाबांचे हाताखालचे लोक सलाम करत होते. बाबांनी मास्क न काढता मान हलवली. दोघं शेजारी बसले, दोघांनी बाह्या गुंडाळल्या. रमाकांतकाकांनी डोळे घट्ट मिटले होते. बाबांनी मिटले नाहीत, पण माझा हात धरला होता.

दोघांच्याही दंडाला कापूस लागल्यावर मी दोघांना निकाल सांगितला. आठ तुमच्या, आठ तुमच्या, साडेसात माझ्या, आणि नीट धुतल्यावर कोणाचंच काही खास नाही.

"बरोबरी?" रमाकांतकाका म्हणाले.

"बरोबरी," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुझ्या साडेसात का गो? अर्धी कुठे गेली? चहा कुठे पितेस तू?"

मी तेही सांगून टाकलं.